मोहोरावरील दंव कोठून येतें?

वेळणेश्वराच्या बागाईतदारांस पौषांतील दंवाचें भय नव्यानें सांगावयास नको. आभाळांत ढग नसतां पहाटे आंब्याचा मोहोर ओला कां होतो, याचा उलगडा पाण्याच्या कणांच्या स्वभावांत आहे.

पाण्याचा सूक्ष्म कण, म्हणजे रेणू, बर्फांत, पाण्यांत व वाफेंत एकच असतो. भेद आहे तो त्याच्या चलनवलनाचा. बर्फांत रेणू आपापल्या जागीं जखडलेले असून केवळ थरथरतात. मांडणी पोकळ असल्यामुळें बर्फ पाण्यावर तरंगतो. पाण्यांत ते परस्परांस धरूनही सरकत राहतात. वाफेंत ते सुटे होऊन चहूंकडे धांवतात. हें सुटणें फुकट होत नाहीं: उकळत्या १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५४० कॅलरी उष्णता लागते.

समुद्रकांठच्या हवेंत अशी अदृश्य वाफ पुष्कळ असते. निरभ्र व निवांत रात्रीं मोहोर आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेहूनही थंड होतो. त्यास लागणारे वाफेचे रेणू मंदावतात, एकमेकांस धरतात व थेंब बनतात. म्हणजे दंव वरून पडत नाहीं. तें मोहोरावरच घडतें. ढग असल्यास ते बरीच उष्णता परत पाठवितात, म्हणून दंव कमी.

मोहोर जितका वेळ ओला, तितका करप्याच्या बुरशीस रुजण्यास अवसर. यास्तव फळें उतरल्यावर आंतील दाट व वाळक्या फांद्या छाटून झाडांत ऊन-वारा खेळता ठेवावा, म्हणजे दंव लवकर उडून जाईल, अशी बागाईतदार बंधूंस आमची सूचना आहे.