विजेच्या खतावणीतली नावे बाजू

बँकेत सारी उमेद खतावण्या तपासण्यात गेली. तिथला पहिला धडा असा, की एका खात्यात जमा दिसली की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात नावे असतेच. नातीच्या विज्ञानाच्या पुस्तकातही हाच नियम भेटला. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही. फक्त रूप पालटते.

कोयनेचेच पाहा. धरणात अडवलेले पाणी बोगद्यांतून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली झेपावते. उंचीमुळे साठलेली स्थितिज ऊर्जा गतिज होते, टर्बाइन फिरवते आणि जनित्रातून वीज होऊन निघते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. हजार लिटर पाणी एवढे खाली उतरले, की साधारण ४६ लाख ज्यूल मोकळे होतात. यंत्रांतले घर्षण आणि तारांतली उष्णता यांची वजावट होऊन आपल्या घरी पोचते जेमतेम एक युनिट. दोन हजार वॉटचा गीझर ते अर्ध्या तासात संपवतो.

इथवर हिशेब जुळतो. पण १९६२ साली ही वीज सुरू झाली, ती खोऱ्यातल्या माणसांनी घरे, शेते, देवळे पाण्याखाली सोडल्यावर. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न दशकानुदशके रेंगाळले. या नोंदीला पुस्तकात एकक नाही, वीजबिलावर रकाना नाही.

गीझर वेळेवर बंद करून हे कर्ज फिटणार नाही. पण ते आपल्या नावे पडले आहे, एवढे घरातल्या मुलांना ठाऊक असावे.