३५० रुपयांचा जुना कन्सोल आणि तासाला १८ रुपये कमाई



जुन्या गाडीत छताचा कन्सोल कसा बसवायचा, ते मागच्या व्हिडिओत दाखवलं. त्यावर सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न आला. "दादा, यात सुटतात किती?" व्हिडिओत ते सांगायला वेळ पुरला नाही. म्हणून आज फिटिंगही सांगतो आणि हिशोबही. शिवाय या कामात मी पहिल्यांदा कशी माती खाल्ली, तेही सांगतो. ते लपवलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. पुढच्या दोन सीटच्या मध्ये, आरशाच्या मागे छताला प्लास्टिकचा एक भाग असतो. त्यात दोन छोटे दिवे आणि चष्मा ठेवायचा खण. मोठ्या गाड्यांत तो कंपनीतूनच येतो. जुन्या छोट्या गाड्यांत तिथे फक्त एक साधा दिवा असतो. भंगारात गेलेल्या गाडीतून निघालेला असा कन्सोल आणून जुन्या गाडीत बसवायचा, हे आपलं काम.

गिऱ्हाईक आणि त्याची गरज

घोलवडकडचे एक वाडीवाले काका. गाडी २००८ ची वॅगन आर. १५ वर्षं पूर्ण झाली तेव्हा गाडी विकण्याऐवजी त्यांनी फिटनेस करून आरसी पुढच्या ५ वर्षांसाठी रिन्यू करून घेतली. म्हणजे गाडी आणखी ५ वर्षं वापरायची हे नक्की.

काका म्हणाले, "भाऊ, मला टेप नको, कॅमेरा नको. संध्याकाळी चिकूचे खोके भरताना गाडीत बसून वजनाच्या चिठ्ठ्या वाचाव्या लागतात. उजेड पुरत नाही. चष्मा सीटवर ठेवतो आणि त्याच्यावरच बसतो. दोन मोडले. चष्म्याला जागा आणि वाचायला उजेड, एवढं दे."

गरज एकदम स्पष्ट होती. मी लगेच हो म्हटलं आणि तोंडातून आकडा निघाला, ९०० रुपये. हा आकडा कुठून आला? कुठूनच नाही. काका ओळखीचे, काम छोटं दिसत होतं, म्हणून ९००. बीबीएला तीन वर्षं कॉस्टिंग शिकलो, पेपरही चांगले गेले. पण गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की आपण सगळे अंदाजपंचेच बोलतो.

माझ्याकडून झालेली चूक

आपल्याकडून वापी जवळ, पण तिथे मला हवा तसा कन्सोल मिळाला नाही. शेवटी कुर्ल्याला गेलो. जुन्या पार्टसाठी कुर्ला सगळ्यांनाच माहीत आहे. डहाणू रोडवरून गाडी पकडली, बाजारात फिरलो, संध्याकाळी परत. एका मोठ्या गाडीतून निघालेला कन्सोल ३५० ला मिळाला. पूर्ण दिवस गेला.

फिटिंग करताना मी वायरचे रंग बघून जोडणी केली. इथेच फसलो. एका कंपनीच्या गाडीत जो रंग अर्थिंगचा असतो, तो दुसऱ्या कंपनीच्या गाडीत भलत्याच कामाचा असू शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. रात्रभर दिवा आतून चालू राहिला, बॅटरी उतरली. जोडणी बदलली. मग फ्यूज उडायला लागला. दोनदा उडाला. तिसऱ्या वेळी मी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होतो. दुकानातल्या मुलाने १० अँपिअरचा लाल फ्यूज काढून २० चा पिवळा टाकला. फ्यूज उडायचा थांबला. मी विचारलं, "झालं का?" तो म्हणाला, "झालं." मी उघडून बघितलं नाही.

आठ दिवसांनी काका रात्री तलासरीहून घरी चालले होते. मागे दोन नातवंडं. काचेच्या बाजूच्या खांबातून जळका वास आला, मग धूर. काकांनी गाडी बाजूला घेतली, मुलांना उतरवलं आणि बोनेट उघडून बॅटरीची वायर काढली. कोणाला काही झालं नाही. पण ते माझं नशीब होतं, माझं काम नव्हे.

कारण नंतर सापडलं. खांबाच्या प्लास्टिकमागे वायर पत्र्याच्या कडेला घासत होती. वरचं आवरण कापलं गेलं होतं आणि तांबं मधूनमधून बॉडीला टेकत होतं. फ्यूज उडत होता, म्हणजे तो त्याचं काम करत होता. आम्ही त्याचंच तोंड बंद केलं.

मित्रांनो, हे लिहून ठेवा. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी बिघाड आहे. मोठा फ्यूज टाकला की बिघाड तसाच राहतो आणि वायर हीटरसारखी तापते. आणि चूक त्या मुलाची नाही. त्याला हे मी कधी सांगितलंच नव्हतं.

आता मी हे काम कसं करतो

१. आधी माप, मग खरेदी. गिऱ्हाइकाच्या गाडीच्या छताचा पुठ्ठ्याचा साचा कापतो. आरसा हलतो का, सनव्हायझर पूर्ण उघडतात का, उंच माणसाचं डोकं लागतं का, हे त्या पुठ्ठ्यावरच कळतं. बाजारात जाताना साचा पिशवीत.

२. कन्सोल विकत घेताना त्याचा कपलर आणि निदान वीतभर वायर सोबत मागतो. कापून काढलेला कपलर नंतर शोधायचा म्हणजे अर्धा दिवस वाया.

३. काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढतो.

४. रंगावर विश्वास नाही, मल्टीमीटरवर. कन्सोलच्या कोणत्या पिनने कोणता दिवा लागतो, ते गाडीत बसवण्याआधी टेबलावर बघतो. मग मोजण्यापुरती बॅटरी जोडून गाडीकडच्या वायर तपासतो. कायम १२ व्होल्ट कुठली, चावी फिरवल्यावरच येणारी कुठली, दार उघडल्यावर अर्थिंग देणारी कुठली. कागदावर लिहितो, बॅटरी परत काढतो, मग जोडतो.

५. फ्यूजचा हिशोब करतो. ५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे १० वॉट. १० भागिले १२ व्होल्ट, म्हणजे १ अँपिअरपेक्षाही कमी. या लाइनला वेगळा ३ अँपिअरचा फ्यूज लावतो. तो जांभळा असतो. उडाला तर कारण शोधायचं, रंग बदलायचा नाही.

६. खांबातून जाणाऱ्या वायरला पूर्ण लांबीची स्लीव्ह. जोड सोल्डर करून त्यावर गरम करून बसणारी नळी. जिथे पत्र्याची कड आहे तिथे रबर.

७. छताच्या वरच्या पत्र्याला ड्रिल कधीच लावत नाही. लायनिंगच्या वर जी आडवी पट्टी असते तिलाच पकड घेतो. स्क्रू आखूड. लांब स्क्रूने छताला बाहेरून फोड येतो, आणि आपल्या किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत तिथून गंज सुरू होतो.

८. नुसत्या डबल टेपवर कन्सोल चिकटवत नाही. मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी आठवा. टेप सुटली तर तो तुकडा चालवणाऱ्याच्या डोक्यावर येतो.

९. शेवटी दिवे अर्धा तास चालू ठेवून वायरला हात लावतो. थंड पाहिजे. मग गिऱ्हाइकाला सोबत घेऊन खड्ड्याच्या रस्त्यावर एक चक्कर.

आता हिशोब

पहिल्या वेळचा हिशोब असा होता. पार्ट ३५०, जाण्यायेण्याचा खर्च १८०, वायर-क्लिप-स्क्रू १४०. एकूण ६७०. बिल ९००. हातात राहिले २३०. मी खूश! पण वेळ किती गेला? कुर्ल्याचे ८ तास आणि फिटिंगचे ५, म्हणजे १३ तास. २३० भागिले १३, तासाला जेमतेम १८ रुपये. वर ती जळलेली वायरिंग आणि लायनिंग माझ्या खर्चाने नवीन करून दिली, त्याचे २,१०० गेले. म्हणजे शेवटी १,८७० चा तोटा.

आता मी चार ओळींत भाव काढतो:

पार्ट आणि खेपेचा वाटा: ५०० (पार्ट ३५०, खेपेचा वाटा १५०. एका खेपेत एका गिऱ्हाइकाचा नाही, चार-पाच जणांचा माल आणतो.)
किरकोळ सामान: १५०
मजुरी: ४ तास, तासाला २०० प्रमाणे ८००. या २०० मध्ये दुकानाचं भाडं, लाइट बिल, मुलाचा पगार आणि माझा पगार आहे.
परत आलेल्या कामासाठी राखीव: वरच्या १,४५० वर १० टक्के, म्हणजे १४५.

एकूण १,५९५. मी १,६०० सांगतो.

चौथी ओळ बहुतेक जण धरतच नाहीत. जुना पार्ट म्हटला की दहातलं एखादं काम परत येणार असं धरूनच चालायचं. त्याचे पैसे आधी बाजूला ठेवले नाहीत, तर ते तुमच्या घरखर्चातून जातील. आणि खिशातून जाताना माणूस चिडतो, टाळाटाळ करतो, गिऱ्हाईक तुटतं.

"दादा, १,६०० कोण देणार?" सगळे नाही देणार. ज्याला नुसती हौस आहे तो भाव ऐकून निघून जाईल. जाऊ द्या. नुसता उजेड हवा असेल तर मी स्वतःच सांगतो, आहे त्या दिव्यात चांगला बल्ब टाका, कमी पैशात काम होईल. ज्याची खरी गरज आहे, ज्याला गाडी अजून काही वर्षं वापरायची आहे, तो देतो.

कोणत्या कामाला नाही म्हणायचं

छताच्या कडेला पडद्यासारखी एअरबॅग असलेली गाडी आली तर तिथल्या लायनिंगला आणि वायरिंगला मी हात लावत नाही. तशा गाडीला कंपनीच्या वर्कशॉपचा रस्ता दाखवतो. सनरूफ असेल तरी नाही, कारण पाणी जायच्या नळ्या तिथूनच जातात.

बिलाशिवाय माल घेत नाही. भंगारवाल्याकडून साधं का होईना, पण नाव, तारीख आणि रक्कम असलेलं बिल. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. हायवेवर, राज्याच्या हद्दीला लागून दुकान असेल तर हे जास्तच सांभाळा.

कायद्याचं अजून एक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आरसीवरची माहिती कंपनीने ठरवलेल्या मूळ माहितीशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. आतल्या दिव्याने आणि चष्म्याच्या खणाने आरसीवरची कोणतीही नोंद बदलत नाही. पण तेच गिऱ्हाईक "सीट पण वाढवून दे" म्हणालं, तर तिथे थांबायचं.

आणि जीएसटी. आपण पार्टही विकतो आणि फिटिंगही करतो, म्हणजे माल आणि सेवा दोन्ही. त्यामुळे महाराष्ट्रात वर्षाच्या उलाढालीची आपली मर्यादा २० लाख धरा. ४० लाखांची सूट फक्त माल विकणाऱ्यांना आहे.

काकांचं काय झालं?

दुरुस्त करून दिलेली गाडी काका घेऊन गेले. महिन्याभराने परत आले, शेजाऱ्याची गाडी दाखवायला. मी विचारलं, "काका, उजेड पुरतो ना?" म्हणाले, "पुरतो. चष्मा पण शाबूत आहे. पण भाऊ, त्या दिवशी माझी नातवंडं मागे बसली होती, एवढं लक्षात ठेव."

तेव्हापासून दुकानात फ्यूजच्या डबीवर कागद चिकटवलाय: "मोठा फ्यूज टाकायचा नाही. आधी मला बोलव." नवीन मुलाला पहिल्या दिवशी तोच कागद वाचायला लावतो.

आता तुमचा गृहपाठ. धंदा कोणताही असो, शिलाई, केटरिंग, मोबाइल रिपेअर. मागची तीन कामं घ्या. हातात राहिलेल्या पैशांना लागलेल्या सगळ्या तासांनी भागा, माल आणायला गेलेले तासही धरून. जो आकडा येईल तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. माझा १८ होता. तुमचा किती येतो ते मला नक्की सांगा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!