जर्मनीतला रविवार : कष्टकऱ्याच्या हक्काची सुट्टी

जर्मनीत पोटापाण्यासाठी आलेल्या माणसाला पहिला धडा रविवार देतो. शनिवारी रात्रीपर्यंत दूध, भाजी, पीठ घरात भरून ठेवले नाही तर दुसऱ्या दिवशी हात हलवत बसावे लागते. सारी बाजारपेठ बंद! पेट्रोल पंप, मोठ्या स्टेशनांतली काही दुकाने आणि सकाळी काही तास पाववाले, एवढेच उघडे. भिंतीत ड्रिल मशीन चालवायचे नाही, यंत्राने गवत कापायचे नाही, रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या पिंपात टाकून खळखळाट करायचा नाही. आपल्याकडे रविवार म्हणजे खरेदीचा दिवस. त्यामुळे नवख्या माणसाला हा कडकडीत बंदच वाटतो.

परंतु या शांततेमागे एक मोठा विचार आहे. गल्ल्यावर बसणारी बाई आणि गाडीतला माल उतरवणारा हमाल यांनाही घरदार आहे, लेकरेबाळे आहेत, हे येथे कायद्याने मान्य केले आहे. 1919 च्या वायमार घटनेत रविवारच्या विश्रांतीला संरक्षण दिले गेले. 1949 साली नवी घटना झाली, तेव्हा तेच कलम तिच्यात घेतले गेले. या सुट्टीचे मूळ ख्रिस्ती धर्मात असले तरी आज तिची राखण चर्चबरोबर कामगार संघटनाही करतात. इस्पितळे, रेल्वे, उपाहारगृहे येथे रविवारीही काम चालते. पण तेथे राबणाऱ्याला दोन आठवड्यांच्या आत बदली सुट्टी द्यावी लागते आणि वर्षातले किमान 15 रविवार तरी मोकळे ठेवावे लागतात.

वाचकहो, रविवारची ही लढाई आपल्यालाही नवी नाही. महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 10 जून 1890 रोजी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. पुढे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत कारखान्यातला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणण्याची पावले पडली. आपल्या घटनेच्या 43 व्या कलमातही कामगाराला निर्वाहापुरते वेतन आणि विश्रांती मिळावी असे सांगितले आहे. मात्र ते मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यासाठी कोर्टाची पायरी चढता येत नाही.

आठवड्याचे सहा दिवस

आम्ही कोलोन शहरात राहतो. येथे प्रत्येक इमारतीखाली कचऱ्याचे वेगवेगळे डबे असतात : कागदाचा निळा, वेष्टनांचा पिवळा, ओल्या कचऱ्याचा तपकिरी आणि उरल्यासुरल्याचा काळा. कचरा वेगळा करणे हे ज्याचे त्याचे काम. सफाई कामगार नारिंगी गणवेशात, हातमोजे आणि जाड बूट घालून येतो. तो डबा गाडीला अडकवतो आणि गाडी तो उचलून रिकामा करते. हे काम कुणाच्या जन्माला चिकटलेले नाही. ज्यांच्या आजा-पणजाने मुंबईच्या गटारांत उतरून संसार चालवला, त्यांना हे दृश्य पाहून काय वाटत असेल ते शब्दांत सांगणे कठीण!

2015 साली येथे ताशी 8.50 युरो हे किमान वेतन सर्व देशाला लागू झाले. 2025 साली ते 12.82 युरो होते. आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाकाठी किमान 20 दिवसांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळते.

म्हणून येथे सारे सुखच आहे असे मात्र समजू नये. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत घेतात. बाटली परत केली की पैसे परत. पण कचरापेटीत हात घालून अशा बाटल्या गोळा करणारे म्हातारे स्त्री-पुरुषही येथे दिसतात. कित्येक लोक रिकामी बाटली पेटीत न टाकता बाहेर कडेला ठेवतात, म्हणजे कुणाला हात घालावा लागू नये. परदेशी नावाच्या माणसाला भाड्याचे घर मिळवतानाही जोडे झिजवावे लागतात. गोऱ्या देशात भेदाभेद नाही हा भ्रम कुणी बाळगू नये.

सुट्टीतली भटकंती

1 मे 2023 पासून 49 युरोंचे मासिक तिकीट सुरू झाले. पुढे त्याची किंमत वाढली. पण देशभरातल्या साध्या गाड्या, ट्राम आणि बस त्यावर चालतात. जलद गाड्यांना मात्र ते चालत नाही. घरून चपात्या-भाजीचा डबा घ्यायचा आणि निघायचे. गाड्या वेळेवर धावतात ही जर्मनीची कीर्ती तेवढी विसरायची!

आमची पहिली सहल बॉनची. कोलोनहून ऱ्हाईन नदीकाठचे हे गाव अर्ध्या तासावर आहे. लोक तेथे संगीतकार बेथोव्हेनचे जन्मघर पाहायला जातात. आम्ही आधी विद्यापीठ गाठले. बाबासाहेबांनी 1921 साली या विद्यापीठात प्रवेशासाठी जर्मन भाषेत अर्ज केला आणि 1922 साली तेथे नाव नोंदवले. लंडनच्या प्रबंधाच्या कामामुळे त्यांना तेथे शिक्षण पुरे करता आले नाही. पण अस्पृश्य म्हणून वर्गात वेगळे बसवलेल्या मुलाने परक्या भाषेत परक्या विद्यापीठाचे दार ठोठावले, ही गोष्ट केवढी! मुलांना ती त्या इमारतीसमोर उभे राहून सांगितली. याच बॉन गावात 23 मे 1949 रोजी जर्मनीची घटना जाहीर झाली. माणसाची प्रतिष्ठा अबाधित आहे, हा तिच्या पहिल्याच कलमाचा गाभा. त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला आपली घटना स्वीकारली गेली.

जोडून सुट्टी आली की बर्लिन. शहराच्या उत्तर टोकाला फ्रोनाउ भागात बौद्ध विहार आहे. डॉ. पाउल डाल्के या जर्मन डॉक्टरांनी तो 1924 साली उभारला. टेकडीवर चढणाऱ्या 73 पायऱ्या आठ टप्प्यांत बांधल्या आहेत; त्या आर्य अष्टांगिक मार्गाचे प्रतीक होत. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर एका वर्षाने, 1957 साली, श्रीलंकेच्या जर्मन धर्मदूत सोसायटीने ही जागा घेतली. तेथे सिंहली उपासिकांच्या शेजारी बसून त्रिसरण-पंचशील म्हणताना पाली शब्द तेच असतात. उच्चार थोडे वेगळे, एवढेच.

आणि कुठेही न जाता घराजवळच पाहण्यासारखे एक स्मारक आहे. कोलोनच्या पदपथांवर दहा सेंटिमीटरचे चौकोनी पितळी दगड बसवलेले दिसतात. नाझींनी ज्यांना घरातून ओढून नेले, त्यांची नावे त्या त्या घरासमोर कोरली आहेत. गुंटर डेमनिग या कलावंताने 1992 साली याच शहरात पहिला दगड बसवला. आज युरोपभर असे एक लाखाहून अधिक दगड आहेत. नाव वाचायचे तर मान खाली घालावी लागते. आपल्याकडे ज्या विहिरींवर आपल्या माणसांना पाणी नाकारले, तेथे असा एखादा दगड बसेल काय?

जात सामानातून येते

जर्मन शेजारी आडनाव विचारतो ते दारावरच्या घंटीशेजारी लिहायला. भारतीय मंडळींच्या सणासमारंभात मात्र आडनाव ऐकून समाधान होत नाही. गाव कोणते, घरी कोणते देव, मांसाहार करता का, अशी वळणे घेत प्रश्न हव्या त्या ठिकाणी येतो. आम्ही आता वळणे घेऊ देत नाही. पहिल्याच भेटीत ‘जयभीम’ म्हणतो. कुणी दूर सरकतो. कुणी हळूच जवळ येऊन ‘जयभीम’ म्हणतो आणि त्या दिवसापासून परदेशात आपले एक घर वाढते.

महाराष्ट्र शासनाने 2024 साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. आपल्या वस्त्यांतली परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक मुले-मुली जर्मन भाषेच्या वर्गांना जाऊ लागली आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच : भाषा पक्की करून या. नोकरीचा करार स्वतः वाचून, समजून मगच सही करा. कामाचे तास, रजा, घरभाडे सारे लेखी घ्या. दलालाच्या तोंडच्या शब्दावर विसंबू नका. येथे आल्यावर कामगार संघटनेचे सभासद व्हा.

आणि जे मायदेशीच राबत आहेत, त्या कंत्राटी सफाई कामगारांना, धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणींना आजही आठवड्याची भरपगारी सुट्टी मिळत नाही. लोखंडे यांनी जे 1890 साली मिळवले, ते त्यांच्या दारापर्यंत अजून पोहोचलेले नाही. आपल्या विहारात, महिला मंडळात याची चर्चा झाली पाहिजे. ज्याला एक दिवस आपला म्हणून मिळतो, तोच मुलांना घेऊन बसतो, वाचतो, विहारात येतो. म्हणून रविवार मागणे म्हणजे आळस मागणे नव्हे. माणूस म्हणून जगण्याचा तो हक्क आहे.