अध्यक्षपद फिरतं, पण दार कोण उघडतं?

आज एकच प्रश्न घेऊ. युरोपीय संघात अध्यक्षपद पाळीपाळीने फिरतं. मग नव्या देशांना आत घेण्याचं धोरणही त्याबरोबर फिरतं का?

आधी व्यवस्था पाहू. मंत्रिपरिषदेचं अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी एका सदस्य देशाकडून दुसऱ्याकडे जातं. २००९ मध्ये लिस्बन करार लागू झाल्यावर राष्ट्रप्रमुखांच्या बैठकीला वेगळा, कायम अध्यक्ष मिळाला. विस्ताराचा विषय मात्र ज्या सर्वसाधारण व्यवहार परिषदेत येतो, ती अजूनही फिरत्या अध्यक्षाकडेच आहे. विषयपत्रिकेत काय वर, काय खाली, हे तो ठरवतो. तडजोडीचा मसुदाही त्याचाच.

याचा फरक पडतो. डिसेंबर २००२ मध्ये डेन्मार्क अध्यक्ष असताना कोपनहेगनला दहा देशांच्या वाटाघाटी संपल्या, आणि १ मे २००४ ला ते आत आले. पुढच्याच पाळीत ग्रीस आला, आणि थेसालोनिकीच्या बैठकीत पश्चिम बाल्कन देशांना सदस्यत्वाची आशा दाखवली गेली. शेजाऱ्याला शेजाऱ्याची काळजी, दुसरं काय!

आता उलट बाजू. २५ जून २०२४ ला, बेल्जियमची पाळी संपता संपता, युक्रेनशी वाटाघाटी औपचारिकपणे सुरू झाल्या. १ जुलैला हंगेरी अध्यक्ष झाला. त्याच्या काळात अल्बानियाशी चर्चेचा पहिला गट उघडला, युक्रेनचा एकही नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये युक्रेनचा पाठीराखा पोलंड आला. तरीही सहा महिन्यांत एकही गट उघडला नाही. का? कारण प्रत्येक पायरीला सत्तावीसही देशांची संमती लागते, आणि हंगेरीचा नकार खुर्ची सोडल्यावरही कायम होता.

हे आपल्याला नांदेड-लातूरच्या लोकांना नवं वाटायला नको. आपल्या दोन जिल्ह्यांनी चार मुख्यमंत्री दिले. १९८६ मध्ये निलंग्याच्या शिवाजीराव पाटलांनंतर नांदेडचे शंकरराव चव्हाण आले. २००८ मध्ये लातूरच्या विलासरावांनंतर नांदेडचे अशोकराव. इथे पाळी ठरलेली नव्हती, पण खुर्ची शेजारच्या जिल्ह्यात गेली. २००९ च्या सुरुवातीला मंत्रिमंडळाने मराठवाड्याचा महसूल विभाग विभागून नांदेडला नवं आयुक्तालय करायचं ठरवलं. लातूरमध्ये विरोध पेटला, आंदोलनं झाली. लातूरकरांचं म्हणणं, आयुक्तालय आमच्याकडे हवं. राज्यात महसूल विभाग आजही सहाच आहेत. जमिनीच्या अपिलासाठी देगलूरचा शेतकरीही छत्रपती संभाजीनगरलाच जातो आणि उदगीरचाही.

दोन्हीकडे फरक आहेच. मुख्यमंत्र्याच्या हाती युरोपातल्या अध्यक्षापेक्षा पुष्कळ जास्त अधिकार असतात, आणि लातूरला हंगेरीसारखा नकाराधिकार कायद्याने नव्हता. पण दुखणं सारखंच. खुर्चीवर बसलेला माणूस विषय पुढे आणू शकतो, तारीख ठरवू शकतो. शेजाऱ्याची संमती मात्र खुर्चीबरोबर येत नाही. ती आधी मिळवावी लागते.

म्हणून पुढच्या वेळी ‘आता आपला माणूस आला, काम झालंच’ असं कुणी म्हणालं, तर आपण एवढंच विचारू: शेजाऱ्याशी बोलणं झालंय का?