बाजार आणि शेजार

मोठी पेठ घराजवळ असणे ही सोय समजावी की अडचण? चेन्नईतील वेस्ट मांबलम या वस्तीकडे पाहिले, तर या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. मांबलम रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस ही जुनी मध्यमवर्गीय वस्ती आहे. रुळांच्या पलीकडे, पूर्वेस, त्यागरायनगर लागते. कापड, दागिने व भांडी यांसाठी ही पेठ दूरवर प्रसिद्ध आहे. तेथील रंगनाथन स्ट्रीट हा अरुंद रस्ता स्थानकाला लागूनच आहे. दिवाळी जवळ आली की खरेदीदारांचा लोंढा त्यात मावेनासा होतो. वस्तीतील गृहिणीला हवी ती वस्तू हाकेच्या अंतरावर मिळते, हे खरे. परंतु गर्दी, कचरा आणि अडलेल्या वाटा हेही तिच्याच वाट्यास येतात.

ही गर्दी सुरळीत चालावी म्हणून महानगरपालिकेने रेल्वे स्थानकापासून बसस्थानकापर्यंत सुमारे ५७० मीटर लांबीचा स्कायवॉक बांधला. १६ मे २०२३ रोजी तो खुला झाला. त्यासाठी सुमारे २८ कोटी रुपये खर्च आला. पादचाऱ्यांची मोठी सोय झाली, यात शंका नाही. मात्र गर्दी खेचली ती दुकानांनी आणि खर्च सोसला तो जनतेने, हे विसरून चालणार नाही. मग बाजाराने आपल्या शेजाऱ्यांसाठी काय करावे?

पहिले देणे सुरक्षिततेचे. ३१ मे २०१७ रोजी त्यागरायनगरातील उस्मान रोडवर एका बहुमजली कापड-दुकानाला आग लागली. ती विझण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागला, इमारतीचा भाग कोसळला आणि आसपासच्या रहिवाशांना घरे सोडावी लागली. जिने मोकळे ठेवणे, माल दाटीने न रचणे, अग्निशामक बंबासाठी वाट राखणे ही केवळ ग्राहकांची काळजी नव्हे. भिंतीपलीकडे झोपलेल्या कुटुंबाचीही ती काळजी आहे.

दुसरे देणे मोकळ्या जागेचे. त्याच परिसरातील पाँडी बाजारात नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंद पदपथ खुले करण्यात आले व बसण्यासाठी बाके ठेवण्यात आली. काही विकत न घेताही वृद्धांनी तेथे घटकाभर विसावावे, मुलांनी बागडावे, ही कल्पना मोलाची आहे. हे कामही शासनाने केले. परंतु आपल्या आवारात एखादे बाक, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह ठेवणे कोणत्याही व्यापारी संकुलास अवघड नाही.

याहूनही जवळचे नाते जोडता येते. चेन्नईतच, त्रिप्लिकेन येथे, १९०४ साली ग्राहकांची सहकारी संस्था स्थापन झाली. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ साली विणकरांनी व कारागिरांनी काढलेल्या दुकानाचा आदर्श तिच्यापुढे होता. रॉचडेलच्या सभासदांना खरेदीच्या प्रमाणात नफा मिळे आणि नफ्यातील काही भाग शिक्षणासाठी राखून ठेवला जाई. मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली उभा राहिलेला ‘अपना बाजार’ याच मार्गाने गेला. अशा दुकानात ग्राहक हाच मालक असतो. म्हणून वस्तीचे सुख-दुःख दुकानाला परके राहत नाही.

प्रत्येक संकुल सहकारी होणार नाही. तशी अपेक्षाही नाही. तथापि वस्तीतील तरुणांना नोकरी, बचत गटाच्या भगिनींना सणासुदीस एखादा गाळा आणि रहिवाशांशी महिन्यातून एक बैठक, एवढे तर सहज होण्याजोगे आहे. आपल्या गावात नवे संकुल उभे राहत असेल, तर वाचकहो, तेथील सवलतींच्या जोडीला त्याच्या चालकांना हेही अवश्य विचारा: पावसाचे पाणी कोठे सोडणार, वाहने कोठे उभी करणार आणि शेजाऱ्यांची तक्रार कोण ऐकणार? पाया खोदण्यापूर्वी विचारलेल्या प्रश्नांचा उपयोग होतो. इमारत उभी राहिल्यावर उरते ती केवळ तक्रार.