पुनर्वसन एकट्याचे नसते

जखमी जवानाला पुन्हा उभे करण्याची पुण्यातली परंपरा जुनी आहे. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून अपंग जवानांना काम शिकवते, कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून हात-पाय बसवून देते आणि १९७४ पासून खडकीचेच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र कमरेखाली लुळ्या पडलेल्यांना सांभाळते. मात्र जवान घरी परतला की ही जबाबदारी बायकोवर किंवा आईवर येते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळाने कूस बदलून देणे, लघवीची नळी स्वच्छ ठेवणे, ही कामे तीच करते. म्हणून तिचे प्रशिक्षण हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

अपंगत्व निवृत्तिवेतन मिळते, २००३ पासून ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून पत्नी आणि अवलंबितांवरही उपचार होतात, मग आणखी काय हवे, असे कुणी म्हणेल. पण पैशाने औषध येते. चाकाची खुर्ची उंबरठ्यावर अडते ती अडतेच. जिद्द असली की सारे जमते, असे सांगताना १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या मुरलीकांत पेटकरांचा दाखला दिला जातो. त्यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. त्यांची जिद्द निर्विवाद. पण पोहण्याकडे ते वळले ते उपचारांच्या निमित्ताने. जिद्दीलाही व्यवस्थेचा आधार लागतो. तेव्हा जवानाला घरी सोडण्यापूर्वी घरच्या माणसाला शुश्रूषा शिकवावी आणि दाराशी उतार बांधून द्यावा.