बोरीवरचा टसर पतंग

शिरूर-दौंडच्या कोरड्या माळावर सहज उगवणारी बोर हे टसर पतंगाच्या अळीचे एक खाद्यझाड. ऐन आणि अर्जुन ही या अळीची विशेष आवडीची.

ओळख : पंखांचा विस्तार साधारण १५ सेंटिमीटर. चारही पंखांवर डोळ्यासारखा पारदर्शक ठिपका. नर तांबूस तपकिरी, मादी बहुधा पिवळसर किंवा राखाडी.

अंडी : एक मादी सुमारे १५० ते २५० अंडी घालते. आठ-दहा दिवसांत अळ्या बाहेर येतात.

अळी : हिरवी, गुबगुबीत. महिना-दीड महिना पाला खाते आणि चार वेळा कात टाकते.

कोश : टणक, अंडाकृती. रेशमाच्याच दांड्याने आणि कड्याने फांदीला पक्का बांधलेला, त्यामुळे पानगळीतही टिकतो. आतला कोषित हिवाळा-उन्हाळा सुप्तावस्थेत काढतो. पावसाळ्याच्या तोंडावर पतंग पाचक स्रावाने कोशाचे टोक मऊ करून बाहेर पडतो.

पतंग : निशाचर. तोंडाचे अवयव खुंटलेले असल्याने काहीच खात नाही. जगतो जेमतेम आठवडाभर, अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर. मादीने हवेत सोडलेला गंध नर पिसांसारख्या मिशांनी टिपतो.

उपयोग : दख्खनच्या या रेशीमकिड्याविषयी कर्नल साइक्स यांचा लेख १८३४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोशाच्या चिवट पट्ट्या कापून मराठे बंदुकीची नळी दस्त्याला बांधत, अशी नोंद त्यांनी केली. आज राज्यातली टसरशेती मुख्यतः गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर भागात ऐनाच्या झाडांवर चालते.